नाव, हक्क आणि ताबा: जमिनीच्या कागदावरचे शब्द कसे वाचायचे

१९९८ साली आमचे आजोबा वारले. तेरावं झाल्यावर आत्याला तालुक्याला नेलं. "वारसनोंदीला तुझी सही लागते," एवढंच तिला सांगितलं होतं. आत्या चौथी शिकलेली. अक्षराला अक्षर जोडत तिनं प्रत्येक पानावर सही केली, अंगठ्याला शाई लावून घेतली, सगळ्यांबरोबर चहा घेतला आणि संध्याकाळच्या एसटीनं सासरी गेली. तेरा वर्षांनी नातवाच्या शिक्षणासाठी तिनं आपला वाटा मागितला, तेव्हा तोच कागद तिच्यापुढे आला. वर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: हक्कसोड पत्र.

"मी सोडला कधी?" एवढंच ती म्हणाली.

त्या कागदावर 'लिहून घेणार' म्हणून माझ्या वडिलांचं आणि चुलत्यांचं नाव आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे. वारसनोंदीनं माणसाचं नाव लागतं, हक्कसोडीनं ते जातं. इतके उलटे दोन शब्द एका बाईला एकच वाटले, कारण कुणी तिला ते फोड करून सांगितले नव्हते. तेव्हापासून मी हे कागद वाचायला शिकले आणि गेली काही वर्षं गावातल्या बायकांबरोबर बसून वाचते. त्या बसण्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

जमिनीच्या बाबतीत तीन वेगवेगळे प्रश्न असतात. दप्तरी नाव कुणाचं? हक्क कुणाचा? ताबा कुणाचा, म्हणजे प्रत्यक्ष कसतंय कोण? आपल्या बोलण्यात हे तिन्ही एकच होऊन जातात. "जमीन त्याच्या नावावर आहे" म्हटलं की आपण समजतो, जमीन त्याची. कायदा तसं समजत नाही. कुठलाही अवघड शब्द समोर आला की आधी विचारायचं, हा शब्द या तिघांपैकी कशाबद्दल बोलतोय? निम्मा गुंता तिथेच सुटतो.

सातबारा घेऊ. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नमुन्यांचा तो एकत्र उतारा आहे. सातमध्ये गट नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे साऱ्याची रक्कम), भोगवटादारांची, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांची, नावं आणि 'इतर हक्क' असतात. बारामध्ये पिकं असतात. हे महसुलाचं दप्तर आहे, सारा कुणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून ठेवलेलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातली नोंद, उलट काही सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. यातलं 'उलट काही सिद्ध होईपर्यंत' हे नीट वाचा. म्हणजे सातबारा हा पुरावा आहे, पण खोडता येण्यासारखा. सर्वोच्च न्यायालयानंही अनेक निकालांत सांगितलंय की महसुली नोंदीनं मालकी मिळत नाही आणि जातही नाही. मालकीचा वाद झाला तर तो दिवाणी कोर्टातच मिटवायचा.

याच्या दोन बाजू आहेत. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आणि नाव नाही म्हणून हक्कच गेला असंही समजू नये. दुसरी बाजू मी बायकांना मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगते, कारण "तुझं नाव कुठाय उताऱ्यावर?" या एका वाक्यावर कितीतरी जणी गप्प बसतात.

उताऱ्यात बदल होतो तो फेरफारानं. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, कर्जाचा बोजा, काहीही झालं की तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तिथे नोंद धरतात. तिला क्रमांक पडतो. मग संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना सर्कल म्हणतो ते, नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण 'तक्रारी' होतं आणि सुनावणी होते. प्रमाणित झालेली नोंद मान्य नसेल तर प्रांतांकडे अपील, त्याला साठ दिवसांची मुदत.

जुना हस्तलिखित उतारा हातात घेतला की नावांशेजारी गोल केलेले आकडे दिसतात. ते फेरफार क्रमांक. काही नावांना पुढे-मागे कंस असतो. कंस म्हणजे ते नाव कमी झालं. गावात म्हणतातही, "त्याच्या नावाला कंस झाला." आत्याचं नाव वारस म्हणून लागलं आणि लगेच पुढच्या फेरफारानं त्याला कंस पडला. दोन नोंदींत किती दिवसांचं अंतर होतं ते मी मोजलं आहे. एकोणीस. उताऱ्यावरचा कंस दिसला की त्याच्याजवळचा आकडा टिपून घ्या आणि त्या फेरफाराची नक्कल मागा. नाव का गेलं, कुठल्या कागदानं गेलं, ते तिथे लिहिलेलं असतं.

वारसनोंदीबद्दल इथेच सांगते. वारसानं जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. नंतर कळवलं म्हणून हक्क बुडत नाही, पण वेळेत केलेलं बरं. हिंदू कुटुंबात पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं त्याचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे मुख्यतः मुलगे, मुली, पत्नी आणि आई. आई! तरुण मुलगा गेला की त्याच्या वारसांत आईचं नाव घालायचं हटकून राहतं. मुलगी लग्न झालेली असो वा नसो, ती वारस आहेच. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीला जन्मानंच मुलाइतका हिस्सा आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. वाटणी मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्रानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं, म्हणजे अखेरच्या निर्णयानं, झालेली असेल, तर ती उकरता येत नाही.

जुन्या उताऱ्यांवर दोन आखूड खुणा भेटतात आणि त्यांचा अर्थ सहसा कुणी सांगत नाही. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे हे असेल तर जमीन त्याच्या एकट्याची नव्हे, सगळ्या कुटुंबाच्या वतीनं त्याचं नाव लावलेलं आहे. ही तीन अक्षरं पुढच्या उताऱ्यांत कधीतरी गळतात आणि थोरला एकटाच मालक दिसू लागतो. म्हणून जुना उतारा शोधून काढायचा. दुसरी खूण 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान होता, म्हणून आईचं किंवा चुलत्याचं नाव पालक म्हणून लागलं. इथला 'अज्ञान' म्हणजे अठरा वर्षांखालचा, अडाणी नव्हे. मूल सज्ञान झालं की पालकाचं नाव कमी करायला अर्ज द्यावा लागतो. तो द्यायचा राहून जातो, आणि पुतण्याच्या जमिनीवर चुलत्याचं नाव वीस-वीस वर्षं बसून राहतं.

'भोगवटादार वर्ग १' म्हणजे विकायला एरवी बंधन नसलेली जमीन. 'वर्ग २' म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी. 'इतर हक्कात' बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव, विहिरीतला वाटा असतो. घेणाऱ्यानं हा रकाना आधी वाचायचा, नावं नंतर.

आता दस्तांकडे वळू. इथे शब्द फार जवळजवळचे आहेत आणि पैसे बुडतात ते इथेच.

विसारपावती म्हणजे व्यवहार ठरला, थोडे पैसे दिले. साठेखत म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार. खरेदीखत म्हणजे खरेदी. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ५४ मध्ये सरळ सांगतो की विक्रीच्या करारानं जमिनीत हक्क तयार होत नाही. साठेखतानं तुम्हाला मिळतो तो "ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून दे" असं कोर्टात मागण्याचा अधिकार. साठेखतात नव्वद टक्के रक्कम मोजून, ताबाही घेऊन, लोक वर्षानुवर्षं स्वस्थ राहतात. त्यांच्याकडे ताबा असतो, पण मालकी अजून विकणाऱ्याचीच असते. तो वारला की त्याचे सगळे वारस शोधत फिरायची वेळ येते.

मुखत्यारपत्राचंही तेच. "माझ्या वतीनं तू सही कर," एवढाच त्याचा अर्थ. कुलमुखत्यारपत्र म्हणजे सगळ्या कामांसाठी दिलेला तसा अधिकार. देणारा माणूस वारला की सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्रही संपतं. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा संच करून 'विकलेल्या' मालमत्तेची मालकी बदलत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प या खटल्यात दिला आहे.

"नोटरी केलंय की" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. नोटरी करणं आणि नोंदणी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. सही याच माणसानं केली, एवढं नोटरी सांगतो. नोंदणी होते दुय्यम निबंधकाकडे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. आज शंभर रुपयांत कुठलीही जमीन येत नाही, तेव्हा हा नियम सगळ्यांनाच लागू. नोंदणी झाली की सूची क्रमांक दोन मिळते, जिला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात. व्यवहार कोणाकोणात, कितीला, कुठल्या गटाचा हे त्यावर थोडक्यात असतं.

मुदतखरेदी हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून आहे. कागदावर खरेदी, पण "अमुक मुदतीत पैसे परत दिले तर जमीन परत" ही अट त्याच दस्तात. नावात खरेदी असली तरी कायद्याच्या नजरेत ते बहुतेक वेळा गहाणच ठरतं, आणि गहाण असेल तर ते सोडवायला तीस वर्षांची मुदत मिळते. 'मुदत संपली, जमीन गेली' असं समजून बसलेल्यांनी दस्त एकदा वकिलाला दाखवावा. नजरगहाण हा मात्र मला आवडणारा शब्द आहे. जमीन मालकाच्याच ताब्यात राहते, कर्ज देणाऱ्याची नुसती नजर तिच्यावर. कर्ज फिटेपर्यंत ती नजर 'इतर हक्कात' बोजा म्हणून दिसते. कर्ज फिटल्यावर बोजा आपोआप जाईलच असं धरून चालू नये. बँकेचा दाखला घेऊन तो कमी करून घ्यावा आणि नवा उतारा काढून खात्री करावी.

घरातल्या घरात होणारे कागद चार. वाटणीपत्रानं प्रत्येकाचा हिस्सा वेगळा होतो. कोर्टाच्या कागदांत 'सरस-निरस वाटप' असे शब्द येतात, म्हणजे नुसतं क्षेत्र मोजून नव्हे तर काळी कुठली, मुरमाड कुठली, पाणी कुणाकडे हे बघून केलेलं वाटप. बक्षीसपत्रानं मालक आपली मिळकत हयातीतच, मोबदला न घेता देतो. ते नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात, आणि घेणाऱ्यानं ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारायला हवं. दिलं की दिलं, मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून नंतर त्याच घरात परके झालेले आईवडील मी पाहिलेत. त्यांना हवं होतं ते मृत्युपत्र. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं, हयातीत कितीही वेळा बदलता येतं आणि शेवटचं तेच खरं. साध्या कागदावर चालतं, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच.

आणि हक्कसोड. सहहिस्सेदारानं आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदारासाठी सोडून देणं. नोंदणी सक्तीची. बहुतेक दस्तांत 'विनामोबदला' आणि 'राजीखुशीनं' असे शब्द असतात. एकदा केल्यावर नुसतं "नको" म्हणून ते रद्द होत नाही. फसवून घेतलं असेल तर दिवाणी कोर्टात दावा करता येतो, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आत्याला कळलं २०११ मध्ये. तिच्याकडे २०१४ पर्यंत वेळ होता. मी तिला म्हटलं, आपण वकिलाकडे जाऊ. ती म्हणाली, "भावांवर दावा केल्यावर दिवाळीला कुठं जाऊ मी?" तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज जमिनीपुरता नाही, बँकेपासून सोसायटीच्या फ्लॅटपर्यंत सगळीकडे आहे. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा वस्तू स्वीकारायला नेमलेला माणूस. त्यानं ते वारसांसाठी सांभाळायचं असतं. कंपन्यांच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या डिसेंबरात हेच सांगितलं. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विमा पॉलिसीत पती, पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर त्यांना वेगळं संरक्षण आहे, तो अपवाद.

कोर्टाची पायरी चढावी लागली तर तिथली भाषा थोडी वेगळी आहे, पण अवघड नाही. दावा करणारा वादी, ज्याच्यावर केला तो प्रतिवादी. प्रतिवादीचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. ती समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायची, कोर्टानं वाढवून दिलं तर नव्वदपर्यंत. समन्स आलं की "घेतलंच नाही तर काय होतंय" असं म्हणणारे फार. होतं असं की नाकारलेलं समन्स बजावलंच असं धरता येतं, दावा तुमच्याशिवाय चालतो आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. मग तो रद्द करून घ्यायला धावाधाव. समन्स घ्या. ते घेतलं म्हणजे तुम्ही काही कबूल केलं असं होत नाही.

'तूर्तातूर्त मनाई हुकूम' म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत अमुक गोष्ट करू नका, जमीन विकू नका किंवा कब्ज्याला अडथळा करू नका. 'जैसे थे' म्हणजे आज जे आहे तसंच राहू द्या. हे मिळालं म्हणजे दावा जिंकला असं नाही. गावात पेढे वाटले जातात आणि चार वर्षांनी निकाल उलटा लागतो, हेही पाहिलंय. हुकूमनामा म्हणजे अखेरचा निर्णय, आणि तो अमलात आणण्यासाठी पुन्हा जो अर्ज करावा लागतो त्याला दरखास्त म्हणतात. हुकूमनामा मिळाल्यावर कागद ट्रंकेत ठेवून ताबा न घेणारे लोक असतात. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे, ती उलटली की हातातला निकाल कागदापुरताच उरतो.

लोकअदालतीत झालेली तडजोड हाही हुकूमनामाच असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणून तिथे सही करण्यापूर्वी तडजोडीचं प्रत्येक वाक्य वाचून घ्यायचं, दोनदा.

सहीच्या वेळी मी बायकांना तीन गोष्टी बघायला सांगते. वरच्या मथळ्यातला शब्द. 'लिहून देणार' कोण आणि 'लिहून घेणार' कोण. तुमचं नाव 'लिहून देणार'मध्ये असेल तर बहुतेक वेळा तुमच्याकडून काहीतरी जातंय. आणि शेवटी मिळकतीचं वर्णन, गट नंबर आणि चतुःसीमा, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. परवा एका वहिनींनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दीरांना म्हटलं, "भाऊजी, मला वाचून दाखवा, मग करते सही." दीर रागावले. वहिनी बाकावर बसून राहिल्या. वीस मिनिटांनी लेखनिकानंच कागद वाचून दाखवला आणि त्यात एक गट जास्तीचा निघाला.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बायकांना, मग त्यांचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि अपंगांनाही मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे तालुक्याच्या कोर्टात जाऊन साधा अर्ज करायचा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना उतारा, असेल तो दस्त आणि फेरफाराची नक्कल सोबत न्या. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो.